कासची जांभळी फुले, रॉ फाइल आणि नवी साधने : शिकायला सुरुवात कुठून करावी?

माळरान (धागाकर्ता)

हौसेने छायाचित्रण करणाऱ्या आपल्यासारख्यांपुढे गेल्या काही वर्षांत साधनांची एवढी गर्दी झाली आहे की त्यांतले आधी काय शिकावे, हाच पहिला प्रश्न होऊन बसतो. रॉ फाइल (सेन्सरने मोजलेला, प्रक्रिया न केलेला डेटा), डार्कटेबल किंवा लाइटरूमसारखी फोटोवर काम करण्याची सॉफ्टवेअर, पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवणारे मिररलेस कॅमेरे, कृत्रिम बुद्धिमत्तेने नॉइज (चित्रात दिसणारे दाणेदार ठिपके) काढणारे प्रोग्राम आणि आता तर चित्रातली नको असलेली वस्तू पुसून तिथे नवी पार्श्वभूमी भरणारी साधने. फिल्मवर शिकलेले आणि नंतर वर्षानुवर्षे जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या चित्रावर, समाधानी असलेले माझे बहुतेक मित्र हे सगळे ‘फोटो काढून झाल्यावर संगणकावर करायचे काम’ समजतात आणि म्हणून त्यापासून लांब राहतात. मला मात्र अनुभवाअंती असे वाटू लागले आहे की ही साधने समजून घ्यायची तर सुरुवात शटर दाबण्याच्या क्षणापासूनच करावी लागते. सॉफ्टवेअरला पुढे किती वाव मिळणार हे त्या क्षणी ठरते आणि सॉफ्टवेअरला काय जमते हे ठाऊक झाले की शटर दाबतानाचा आपला निर्णयही बदलतो.

उदाहरण म्हणून कास पठाराचेच घेऊ. साताऱ्याजवळचे हे पठार 2012 साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसोबत जागतिक वारसा यादीत आले आणि सप्टेंबरमध्ये तिथे कॅमेऱ्यांची दाटी होऊ लागली. तिथल्या ओलसर कातळावर सीतेची आसवे आणि गेंद शेजारी शेजारी फुललेले असतात. सीतेची आसवे निळसर जांभळी, नखाएवढी, पाकळीच्या मध्यभागी पांढुरका ठिपका असलेली. गेंदाची बोंडे पांढरी आणि गोल. ढगाळ उजेडात हे दृश्य डोळ्यांना अतिशय मऊ दिसते, पण घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले की जांभळ्या पाकळीचा एक सपाट डाग झालेला असतो. तिच्यावरच्या शिरा नाहीत, कडेची घडी नाही, मधला ठिपकाही निळ्यात विरघळलेला. कित्येक जण याचे खापर लेन्सवर फोडतात आणि नवी लेन्स घेतात, पण त्याने काही फरक पडत नाही.

याचे कारण सेन्सरच्या रचनेत आहे. आज बहुसंख्य कॅमेऱ्यांत जी रंगजाळी असते तिचे पेटंट कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांना 1976 साली मिळाले. या जाळीत निम्मे बिंदू हिरव्या रंगाचे, एक चतुर्थांश लाल आणि एक चतुर्थांश निळ्या रंगाचे असतात. प्रत्येक बिंदू एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने काढले जातात. जांभळ्या पाकळीवरून येणारा हिरवा प्रकाश फार थोडा असतो. कॅमेऱ्याचा मीटर दृश्याच्या एकूण उजेडाकडे पाहतो, त्यात हिरव्याचा वाटा मोठा असतो आणि भोवती हिरवे गवत व काळा कातळ असल्यामुळे तो एक्स्पोजर (सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश) वाढवत नेतो. परिणामी हिरवा आणि लाल व्यवस्थित राहतात, पण जेपेगमधला निळा चॅनल भरून वाहतो. एकदा तो 255 या टोकाला, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्याला, टेकला की पाकळीच्या उजळ आणि फिक्या भागांतला भेद त्या फाइलमधून कायमचा गेला.

म्हणून पहिली गोष्ट ही की कॅमेऱ्यात एकूण उजेडाचा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) न पाहता लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम पाहावेत. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते, मात्र ती मेनूमधून सुरू करावी लागते. दुसरी गोष्ट, आपण रॉमध्ये फोटो काढत असलो तरी कॅमेरा दाखवतो तो हिस्टोग्राम आतल्या जेपेगवरून बनवलेला असतो. पिक्चर स्टाइल (जेपेगचे रंग किती भडक हे ठरवणारी सेटिंग) ‘व्हिविड’वर ठेवली असेल तर निळा चॅनल प्रत्यक्षापेक्षा लवकर टोकाला गेलेला दिसतो, ‘न्यूट्रल’ किंवा ‘फ्लॅट’वर ठेवली तर आपण रॉमधल्या वस्तुस्थितीच्या बरेच जवळ पोचतो. मी कासला जाताना न्यूट्रलच ठेवतो, मग मागच्या पडद्यावर चित्र कितीही फिके दिसो.

जेपेगच्या प्रत्येक चॅनलमध्ये 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. त्यामुळे जेपेगमध्ये सपाट दिसणाऱ्या पाकळीत पुष्कळदा रॉमध्ये तपशील शाबूत असतो. मात्र रॉ उघडून पाहिल्यावरही पाकळी सपाटच दिसली तर लगेच निराश होऊ नये. कधी कधी रॉमधला डेटा चांगला असतो, पण तो जांभळा रंगच एसआरजीबी या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगमर्यादेबाहेरचा असतो आणि रूपांतर करताना चिरडला जातो. डार्कटेबलमध्ये यासाठी दोन वेगवेगळे इशारे आहेत. एक मूळ रॉमधले भरून गेलेले बिंदू दाखवतो, दुसरा रंगमर्यादेबाहेर गेलेले भाग दाखवतो. पहिल्या इशाऱ्यात पाकळी रंगली तर तो फोटो पुन्हा काढण्यावाचून उपाय नाही. फक्त दुसऱ्या इशाऱ्यात रंगली तर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, पाकळीची रंगघनता आणि उजेड थोडा उतरवावा. शिरा आणि मधला ठिपका परत दिसू लागतात. हे पहिल्यांदा डोळ्यांदेखत घडताना पाहिले तेव्हा संगणकावरचे काम म्हणजे फोटोला रंगरंगोटी, ही माझी समजूत पुरती गेली.

आता नॉइजकडे वळतो. नॉइज ही कॅमेऱ्याची खोड आहे असे आपण म्हणतो, पण तिचा मोठा भाग प्रकाशाच्या स्वभावातच आहे. एका बिंदूवर सरासरी 100 फोटॉन पडत असतील तर त्यांत साधारण 10 चा चढउतार होतो, म्हणजे दहा टक्के. 10,000 फोटॉन पडले तर चढउतार 100 चा, म्हणजे एकच टक्का. प्रकाश चौपट केला की चित्राची स्वच्छता दुप्पट होते. म्हणूनच पाकळी भरून वाहू न देता जेवढा जास्त प्रकाश घेता येईल तेवढा घ्यावा आणि वाऱ्याने फूल हलत असेल तर शटर स्पीडसाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवायला कचरू नये. पूर्वी आयएसओ 3200 म्हणजे फोटो वाया गेला असे समजत. आज मज्जातंतूंच्या जाळ्यांवर (न्यूरल नेटवर्क, म्हणजे चित्रे पाहून शिकणारे प्रोग्राम) आधारलेले नॉइजनाशक उपलब्ध आहेत. डीएक्सओचे डीपप्राइम 2020 मध्ये आले, ॲडोबीचे डिनॉइज एप्रिल 2023 मध्ये. यांपैकी कोणाचीही मदत घेतली तर हलक्या वाऱ्यातले फूल हातात कॅमेरा धरून टिपता येते. साधन संगणकात आहे, पण त्यामुळे बदलला तो पठारावरचा निर्णय.

माझी अडचण पुढची आहे. ही जाळी लाखो चित्रांवरून शिकलेली असतात आणि जिथे माहिती अपुरी असते तिथे ‘असे असावे’ म्हणून पोत भरतात. दिवाणखान्यात टांगायच्या चित्राला त्याने फारसे बिघडत नाही. नोंद म्हणून ठेवायच्या फोटोत मात्र हे कुठवर चालावे? जाणकारांनी आपली पद्धत सविस्तर सांगावी.

अंधारखोली

धागा आवडला. घरच्या डार्करूममध्ये अर्धे आयुष्य गेलेल्या माणसाची थोडी भर घालतो.

जांभळ्या-निळ्या फुलांचे दुखणे डिजिटलने आणलेले नाही. रंगीत फिल्मवर अजेराटम आणि मॉर्निंग ग्लोरीची निळी फुले गुलाबट येत असत आणि कोडॅकच्या जुन्या तांत्रिक पुस्तिकांत त्याचे कारणही दिलेले असे. या पाकळ्या दृश्य वर्णपटाच्या अगदी लाल टोकाला आणि त्यापलीकडे बराच प्रकाश परावर्तित करतात. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही, पण फिल्मच्या लाल संवेदी थराला दिसे. डिजिटल सेन्सरपुढे अवरक्त प्रकाश अडवणारी काच असल्यामुळे तो त्रास बराच कमी झाला. आपण वर्णन केलेला त्रास वेगळा आहे आणि तो फिल्मच्या तुलनेत बराच आवरता येण्याजोगा आहे, ही नव्या साधनांची मोठीच जमेची बाजू आहे.

एक सवय मात्र जाणीवपूर्वक मोडावी लागली. निगेटिव्हसाठी आम्ही ‘सावल्यांसाठी एक्स्पोज करा, उजळ भागांसाठी डेव्हलप करा’ हे सूत्र घोकले होते, कारण निगेटिव्हवर उजळ भाग बराच ताण सहन करतात आणि सावल्या एकदा रिकाम्या राहिल्या की काही हाती लागत नाही. सेन्सरचे गणित याच्या उलट आहे. सावल्यांतून पुष्कळ काही वर काढता येते, पण भरून गेलेल्या बिंदूतून काहीच परत मिळत नाही. ट्रान्सपरन्सी (स्लाइड फिल्म) वापरणाऱ्यांना हे आधीपासून अंगवळणी होते; निगेटिव्हवाल्यांनी डिजिटलकडे येताना ते नव्याने शिकावे. त्यामुळे सुरुवात शटर दाबण्यापासून करावी या आपल्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे.

नवखी

खूपच माहितीपूर्ण लेखन आहे. माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त मोबाइल आहे, आणि सध्या कॅमेरा घेणे परवडणारेही नाही. मोबाइलवर ही पद्धत काही प्रमाणात तरी वापरता येईल का? आणि मोबाइल आपणहून जे बदल करतो, त्यांचे काय करावे?

माळरान (धागाकर्ता)

नवखी, अवश्य वापरता येईल. किंबहुना मी जे सांगतो आहे ते चांगले मोबाइल आपोआप करत असतात. गूगलने एचडीआर प्लस नावाने जी पद्धत आणली, तिच्यात एक लांब एक्स्पोजर घेण्याऐवजी मुद्दाम कमी उजेडाच्या अनेक फ्रेम पाठोपाठ घेतल्या जातात आणि त्या एकमेकींवर जुळवून त्यांची सरासरी काढली जाते. कमी उजेडामुळे उजळ भाग भरून जात नाहीत आणि सरासरीमुळे नॉइज उतरतो; नऊ फ्रेम एकत्र केल्या तर तो साधारण एक तृतीयांश राहतो. म्हणजे एक्स्पोजरचा निर्णय पुढे होणाऱ्या प्रक्रियेकडे पाहूनच घेतलेला असतो.

आपण दोन गोष्टी कराव्यात. फुलावर बोट टेकवून फोकस धरल्यावर बाजूला येणारी उजेडाची पट्टी खाली ओढून पाकळीतला तपशील दिसेपर्यंत चित्र गडद करावे. मोबाइलमध्ये रॉ किंवा डीएनजीची (रॉचाच एक प्रकार) सोय असेल तर ती सुरू करावी आणि ती फाइल डार्कटेबलमध्ये उघडावी. डार्कटेबल विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, त्यामुळे शिकण्यासाठी खर्च करावा लागत नाही. काही मोबाइलच्या डीएनजीमध्ये फ्रेम एकत्र करण्याचे काम आधीच झालेले असते, पण त्यात बिघडण्यासारखे काही नाही. चेहरा गुळगुळीत करणे, आकाश बदलणे यांसारख्या सोयी मात्र सेटिंगमध्ये शोधून बंदच ठेवाव्यात.

बेडूकवाट

नोंदीबद्दलचा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडकांचे फोटो काढतो. तिथल्या झुडपांवरच्या चिमुकल्या बेडकांमध्ये एक जात दुसरीपासून वेगळी ओळखताना पाठीच्या त्वचेवरचे दाणे, बोटांमधल्या पडद्याची व्याप्ती, मांडीच्या आतल्या बाजूचे ठिपके अशा बारीक खुणा पाहाव्या लागतात. (आवाज हा सर्वांत भरवशाचा पुरावा असतो, म्हणून मी ध्वनिमुद्रणही करतो.) आयएसओ 6400 वर घेतलेल्या फाइलमधून जाळ्याने नॉइज काढला की ओलसर त्वचेवरचे दाणे कधी पूर्ण गुळगुळीत होतात, तर कधी नॉइजच्याच ठिपक्यांचे सुबक दाणे बनतात. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो फोटो पाहणाऱ्याला अतिशय खात्रीशीर वाटतो. असा फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या संकेतस्थळांवर गेला की त्यावरून कोणीतरी जात ठरवणार, ती नोंद नकाशावर बसणार आणि पुढे एखादा अभ्यासक ती वापरणार.

माझी पद्धत अशी आहे. नोंदीसाठीच्या फोटोला डार्कटेबलमधला ‘डिनॉइज प्रोफाइल्ड’ हा मॉड्यूल वापरतो. तो त्या त्या कॅमेऱ्याच्या मोजलेल्या नॉइजवर चालतो, चित्रे पाहून शिकलेला नाही. त्यामुळे फार तर तपशील पुसला जाईल, नवा तयार होणार नाही. जाळ्याचा वापर केलाच तर मूळ रॉ आणि साफ केलेली प्रत शंभर टक्के आकारात शेजारी ठेवून जिथे खूण महत्त्वाची आहे तो भाग तपासतो. मुळात जे अंधूकपणेही दिसत नाही आणि साफ प्रतीत मात्र ठसठशीत दिसते, ते खोटे मानावे. आणि नोंदीच्या टिपणीत ‘नॉइज काढण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले आहे’ हे स्पष्ट लिहावे.

मुख्य म्हणजे पसरट प्रकाशाचा फ्लॅश सोबत असेल तर आयएसओ 400 वरच काम भागते आणि हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवावा, एका प्राण्यावर मोजकेच झोत टाकावेत आणि त्याला जागेवरून हलवू नये, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

भिगवणकर

बेडूकवाट यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण पक्ष्यांच्या बाबतीत थोडे सैल धोरण ठेवावे असे मला वाटते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पहाटे नावेतून रोहित (फ्लेमिंगो) टिपताना उजेड अगदी कमी असतो, नाव हलत असते आणि फ्लॅशचा प्रश्नच येत नाही. तिथे नॉइजनाशकाने मिळणारा फायदा फार मोठा आहे आणि रोहित पक्ष्याची ओळख पिसाच्या एखाद्या तंतूवर अवलंबून नसते.

माझा प्रश्न पुसण्याबद्दल आहे. पक्ष्यासमोर आलेली एखादी काडी काढून टाकली तर चित्राची शोभा वाढते आणि नव्या साधनांनी ते इतके सफाईने होते की कोणाच्या लक्षातही येत नाही. सलोनसाठी (छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनासाठी) हे चालते का?

माळरान (धागाकर्ता)

भिगवणकर, निसर्ग विभागासाठी चालत नाही. फियाप आणि पीएसए या छायाचित्रण संघटनांनी स्वीकारलेल्या निसर्ग छायाचित्रणाच्या व्याख्येप्रमाणे क्रॉप (चित्राच्या कडा कापणे) सोडून इतर मार्गाने चित्रातला घटक काढणे, हलवणे किंवा नवा घालणे यांस मनाई आहे. धुळीचे ठिपके, डिजिटल नॉइज, फिल्मवरचे ओरखडे असे कॅमेऱ्यामुळे आलेले दोष काढायला मुभा आहे, फोकस स्टॅकिंगलाही (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो एकत्र करण्यालाही) आहे. ही रेषा मला योग्य वाटते. काडी दृश्यात होती, ठिपका दृश्यात नव्हता. पिक्टोरियल (कलात्मक चित्रांच्या) विभागांत एरवी अधिक मोकळीक असते, पण कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या भागांबद्दल प्रत्येक स्पर्धेचे नियम प्रवेशिका पाठवण्यापूर्वी स्वतंत्रपणे वाचावेत. आयोजक मूळ रॉ मागू शकतात, त्यामुळे ती जपून ठेवावी.

काडीबद्दल माझे स्वतःचे मत विचाराल तर नाव हातभर पुढे सरकेपर्यंत थांबावे. पक्षी उडून जाण्याचा धोका पत्करूनही मला ते पटते, कारण काडी पुढे खोडता येईल असे ठरवले की नावेतली आपली नजरच ढिली पडते.

बेडूकवाट, शेजारी शेजारी ठेवून तपासण्याची आपली रीत मी आता उचलणार आहे. माझ्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मिळाले नसते.

कोकणीमाड

रॉ जपण्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. डार्कटेबल मूळ रॉला हात लावत नाही. आपण केलेले सगळे बदल त्याच नावाच्या, एक्सएमपी प्रत्यय असलेल्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवते. नुसत्या रॉची नक्कल घेतली आणि एक्सएमपी मागे राहिली तर फोटो वाचेल, पण त्यावरचे तासन्‌तासांचे काम जाईल. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 नियम मी पाळते, म्हणजे तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. आमच्याकडच्या दमट हवेत लेन्सइतकीच हार्ड डिस्कचीही काळजी घ्यावी लागते, म्हणून तिसरी प्रत घाटावर नातेवाइकांकडे असते.

आणखी एक विचारायचे होते. वडिलांनी काढलेल्या रंगीत निगेटिव्हना बुरशी लागू लागली आहे. स्कॅनर घ्यावा की कॅमेऱ्यानेच फोटो काढावेत?

अंधारखोली

कोकणीमाड, आपल्याकडे मॅक्रो लेन्स असेल तर कॅमेऱ्यानेच काढावेत. एकसारखा पांढरा उजेड देणारे एलईडी पॅनल घ्यावे, त्यावर निगेटिव्ह सपाट राहील असा होल्डर ठेवावा आणि कॅमेरा स्टँडवर बरोबर काटकोनात बसवावा. कॅमेरा व निगेटिव्ह समांतर आहेत का हे पाहण्यासाठी होल्डरच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या मध्यावर आले म्हणजे जुळले. खोलीतले इतर दिवे बंद ठेवावेत. रॉमध्ये, कमीत कमी आयएसओवर, ॲपर्चर एफ 8 च्या आसपास ठेवून काढावे आणि तिन्ही चॅनलचे हिस्टोग्राम पाहावेत, कारण रंगीत निगेटिव्हवरच्या नारिंगी थरामुळे इथे लाल चॅनल आधी भरतो. धाग्यातल्या जांभळ्या पाकळीसारखाच हा प्रकार आहे, फक्त रंग दुसरा.

पुढे डार्कटेबलमध्ये 2020 च्या 3.2 आवृत्तीपासून ‘निगाडॉक्टर’ नावाचा मॉड्यूल आहे. त्यात आधी नारिंगी थराचा रंग द्यावा लागतो, म्हणून प्रत्येक रोलची दोन फ्रेममधली रिकामी पट्टीही त्याच एक्स्पोजरवर एकदा टिपून ठेवावी. ती न टिपल्यास रंग नजरेने जुळवत बसावे लागते आणि एकाच रोलमधली चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत.

बुरशी ओल्या कापडाने मुळीच पुसू नये. पाण्याने मऊ झालेला थर तिच्यासोबत निघून येतो. हवेच्या फुग्याने धूळ उडवावी, आहे त्या अवस्थेत आधी फोटो काढून घ्यावेत आणि मग निगेटिव्ह सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. साफसफाईचा विचार डिजिटल प्रत तीन ठिकाणी गेल्यावर करावा.